घरातलं नेट हळू आहे, म्हणून चिपचे शेअर घ्यावेत का?

प्रश्न: मी घोडबंदर रोडला, कावेसर भागात राहतो. वय ५८. खासगी कंपनीतून नुकताच निवृत्त झालो. माझी सहा लाखांची एफडी पुढच्या महिन्यात संपते. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक गृहस्थ सारखे सांगताहेत, की घरगुती इंटरनेटसाठी नव्या चिप येताहेत, वाय-फाय ७ आणि दहा गिगाचं फायबर; त्या कंपन्यांचे शेअर आत्ता घेतले तर दोन वर्षांत पैसे तिप्पट. अमेरिकेतल्या दोन कंपन्या, इथली एक आणि अजून बाजारात न आलेली एक, अशी चार नावं त्यांनी दिलीत. मला तंत्र फारसं कळत नाही, पण गरज डोळ्यांसमोर दिसते. आमच्याकडे २०० एमबीपीएसचा प्लॅन आहे. हॉलमध्ये ठीक चालतो, आतल्या खोलीत ३० च्या वर जात नाही आणि रात्री मुलाच्या मीटिंगा तुटतात. नवी चिप येईपर्यंत राऊटर घ्यायचं थांबू, असं मुलगा म्हणतो. सगळ्यांच्याच घरी ही रड आहे, म्हणजे मागणी तर पक्की. सहा लाख गुंतवू का?
– एक वाचक, ठाणे पश्चिम

उत्तर: सहा लाख घालू नका. निवृत्तीच्या पैशातला एवढा मोठा वाटा एका उद्योगातल्या एका वस्तूवर लावायचा नसतो, मग ती वस्तू कितीही चांगली असो. इच्छाच असेल तर पन्नास-साठ हजार, तेही पुढे दिलेली तपासणी झाल्यावर. चारपैकी कुठलं नाव घ्यावं हे या सदरात आम्ही सांगणार नाही. ते कसं पारखायचं हे सांगू.

तुमच्या पत्रातलं ‘सगळ्यांच्याच घरी ही रड आहे, म्हणजे मागणी पक्की’ हे वाक्य आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. तुमचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे. ते खरं आहे की नाही, हे तुमच्या घरातच तासाभरात कळेल, म्हणून सुरुवात तिथून करू. त्यात कदाचित तुमचं नेटही सुधारेल.

लॅपटॉप आणि एक चांगली कॅट-६ पॅच कॉर्ड (दोन्ही टोकांना प्लग असलेली नेटवर्कची तार) घ्या. ज्या डब्यात बारीक फायबर शिरते तो ओएनटी. लॅपटॉप त्याला थेट जोडा, वाय-फाय बंद करा आणि स्पीड टेस्ट सकाळी एकदा, दुपारी एकदा आणि रात्री दहाच्या सुमाराला एकदा घ्या. तिन्ही वेळा आकडा १९० च्या आसपास आला, तर बाहेरची लाइन चोख आहे आणि दोष घरातल्या वाय-फायचा. आकडा ९३-९४ वरच अडकला, तर कुठेतरी पोर्ट किंवा तार १०० वर चालते आहे. गिगाबिटसाठी केबलमधल्या चारही जोड्या, म्हणजे आठही तारा, जोडलेल्या लागतात. केबलच्या टोकाचा आरजे-४५ हा प्लग नीट दाबून बसवलेला (क्रिम्प) नसेल आणि एक तार सुटली असेल, तर दोन्ही यंत्रं कुठलाही इशारा न देता १०० वर उतरतात. स्वस्त ओएनटीमध्ये मुळात पोर्टच १०० चं असतं, तेही पाहा. लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड १००० दिसतो की १००, एवढ्यावरून हे कळतं. पॅच कॉर्ड बदलून पुन्हा पाहायचं. तरीही १०० च दिसलं तर केबलवाल्याकडून गिगाबिट पोर्टचा डबा मागून घ्यायचा; २०० च्या प्लॅनचे पैसे भरता, तेव्हा तो तुमचा हक्क आहे.

सकाळी १९० आणि रात्री ६०, असं तारेवरही होत असेल, तर अडचण तुमच्या दाराबाहेर आहे. आपल्याकडे घराघरांत आलेलं फायबर बहुतांशी जीपॉन पद्धतीचं आहे. एका फायबरवर २.४८८ गिगाबिट खाली येतात आणि ते स्प्लिटरमधून ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. ३२ घरांनी एकाच क्षणी जोर लावला तर घरटी ७७ च्या आसपास, ६४ असतील तर ३९. एरवी सगळे एकदम वापरत नाहीत म्हणून निभतं. रात्री नऊ ते अकरा मात्र निभत नाही. शिवाय केबलवाल्याने वरून किती बँडविड्थ विकत घेतली आहे, हा वेगळाच प्रश्न. तिथे त्याने हात आखडला असेल तर तुमच्या घरात जगातली सर्वोत्तम चिप बसवली तरी रात्रीचे ६० चे ६०.

एक तपासणी बहुतेक लोक करत नाहीत, ती जरूर करा. ओएनटीच्या पानावर जा (पत्ता आणि पासवर्ड डब्याच्या मागे चिकटवलेला असतो) आणि ‘आरएक्स पॉवर’ किंवा ‘ऑप्टिकल पॉवर’ शोधा; डब्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद ती हीच, आणि ती डीबीएममध्ये मोजतात. उणे १८ ते उणे २४ डीबीएम असेल तर उत्तम. उणे २७ ही साधारण शेवटची हद्द; उणे २६ च्या पुढे गेलात की लाइन अधूनमधून तुटायला लागते, आणि तुमच्या मुलाच्या मीटिंगा तुटण्याचं कारण हेच असू शकतं. नुसता १:३२ चा स्प्लिटरच सुमारे १७ डेसिबल खातो, त्यामुळे बाकीच्या चुकांना फार वाव उरत नाही. त्या चुका ठरलेल्या असतात. सोफ्यामागे काटकोनात मुडपलेली फायबर. धूळ बसलेला कनेक्टर. हिरव्या टोकाचा कनेक्टर निळ्या अ‍ॅडॅप्टरमध्ये दाबून बसवलेला; हिरव्याचं तोंड आठ अंशांनी तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सपाट, त्यामुळे दोघांमध्ये फट राहते आणि प्रकाश वाया जातो. घोडबंदर रोडवर मेट्रोसाठी इतकी वर्षं खोदकाम चाललंय, तिथे फायबर तुटून घाईघाईत जोडल्याचीही शक्यता आहे. नीट केलेला जोड ०.१ डेसिबलच्या आत बसतो, घाईचा जोड अर्धा डेसिबल सहज घेतो आणि असे जोड साठत जातात. वाचलेला आकडा लिहून ठेवा आणि तक्रार करताना सांगा. ‘नेट स्लो आहे’ यावर केबलवाला राऊटर बंद-चालू करायला सांगेल. ‘आरएक्स उणे २७ येतंय’ म्हटलंत की माणूस पाठवेल.

आता आतली खोली. हॉलमध्ये नीट आणि आत ३०, हे ऐकूनच अंदाज येतो: वाय-फायचे दोन पट्टे (बँड) असतात, ५ आणि २.४ गिगाहर्ट्झ; भिंती पार करताना ५ चा सिग्नल दुबळा होतो आणि फोन २.४ वर उतरतो. तिथे तुमच्या मजल्यावरचे, वरचे, खालचे आणि समोरच्या विंगमधले वीसेक राऊटर मोजक्या जागेत भांडत असतात. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा; ४० केलीत तर शेजाऱ्यांचंही बिघडतं आणि तुमचंही. दोन्ही बँडना वेगवेगळी नावं देऊन पाहा, म्हणजे फोन नेमका कुठे जोडला जातो ते दिसेल. राऊटर टीव्हीच्या कपाटात किंवा चपलांच्या रॅकवर असेल तर आधी बाहेर काढा आणि छातीइतक्या उंचीवर ठेवा.

एवढं करूनही भागलं नाही तर आतल्या खोलीपर्यंत तार न्या. टीव्हीच्या जुन्या केबलच्या पाइपातून कॅट-६ बहुतेक वेळा जाते, पंधरा-वीस मीटर पुरते. दुकानदाराला ‘प्युअर कॉपर’ म्हणून स्पष्ट सांगा. स्वस्तातली सीसीए तार आतून अ‍ॅल्युमिनियमची असते, वरून तांब्याचा मुलामा. क्रिम्प करताना तुटते आणि मग तोच ९४ चा आकडा पुन्हा. आतल्या टोकाला वाय-फाय ६ चा साधा ड्युअल बँड राऊटर ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ला लावा. हा मोड नसेल तर त्याचं डीएचसीपी (घरातल्या यंत्रांना पत्ते वाटण्याचं काम) बंद करा आणि तार त्याच्या लॅन पोर्टमध्ये लावा, बाहेरच्या लाइनसाठी असलेल्या वॅनमध्ये नाही. नाव आणि पासवर्ड हॉलमधल्यासारखाच, चॅनल वेगळा. हे काम तीन-चार हजारांत होतं आणि २०० च्या प्लॅनला ते पुरून उरतं. मुलाला सांगा, थांबायचं काही कारण नाही. फोन-लॅपटॉप वाय-फाय ५ किंवा ६ चे असतील तर वाय-फाय ७ चा राऊटर त्यांच्याशी त्यांच्याच जुन्या भाषेत बोलणार.

आता पैशांकडे वळू. वरच्या दोषांची यादी डोळ्यांपुढे आणा: तुटलेली तार, मुडपलेली फायबर, कपाटातला राऊटर, भिंत, हात आखडणारा केबलवाला. यातलं नवी चिप काय दुरुस्त करते? जवळजवळ काहीच नाही. जीपॉनच्या पुढच्या पिढीची, दहा गिगाबिटची एक्सजीएस-पॉन चिप रात्रीची गर्दी कमी करू शकते, पण त्यासाठी केबलवाल्याने त्याच्या बाजूचं यंत्र बदलायला हवं, तुमचा डबा बदलायला हवा आणि वरून जास्त बँडविड्थही घ्यायला हवी. एक्सजीएस-पॉनचं मानक २०१६ पासून तयार आहे. इतक्या वर्षांत ते तुमच्या इमारतीत का आलं नाही, याचं उत्तर तंत्रात नाही, बिलात आहे. महिन्याला पाचशे-सातशे रुपये देणाऱ्या ग्राहकाला कंपनी डबा फुकट देते, म्हणून ती चालेल तो सगळ्यात स्वस्त डबा शोधते, आणि त्यात जुन्या पिढीची स्वस्त चिप असते. घरगुती इंटरनेटची चिप तुम्ही-आम्ही विकत घेत नाही, सेवा देणारी कंपनी घेते. तिच्याकडे पैसे आहेत का आणि तिला घाई आहे का, यावर चिप कंपनीचा धंदा ठरतो. तुमच्या आतल्या खोलीतल्या ३० चा तिच्या ताळेबंदाशी संबंध नाही.

यात सरकारचाही वाटा असतो. वाय-फाय ७ ची खरी ताकद ३२० मेगाहर्ट्झच्या रुंद चॅनलमध्ये आहे आणि तो ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच मिळतो. अमेरिकेने हा १२०० मेगाहर्ट्झचा पट्टा एप्रिल २०२० मध्ये विनापरवाना वापराला खुला केला. आपल्या दूरसंचार खात्याने खालच्या ५०० मेगाहर्ट्झपुरता मसुदा मे २०२५ मध्ये काढला, म्हणजे पाच वर्षांनी. ५०० मध्ये ३२० चा एकच चॅनल मावतो. तीच चिप, पण अमेरिकेत तिला जेवढं अंगण मिळतं तेवढं इथे नाही. ‘भारताची प्रचंड बाजारपेठ’ हे वाक्य कुणी फेकलं की हा फरक आठवा.

नव्या चिपची वाट पाहणारे गुंतवणूकदार पूर्वीही होऊन गेलेत. जानेवारी १९९८ मध्ये कॉम्पॅक, इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने अमेरिकेतल्या टेलिफोन कंपन्यांबरोबर एक गट स्थापन केला. उद्देश असा, की साध्या टेलिफोनच्या तारेवर १.५ एमबीपीएस देणारं ‘जी.लाइट’ हे सोपं एडीएसएल (फोनच्या तारेवरून इंटरनेट देण्याची पद्धत) आणायचं. ५६ के मोडेमच्या त्या काळात हा वेग अफाट होता. घरी तंत्रज्ञ नको, स्प्लिटर (इथे, फोनचा आवाज आणि इंटरनेट वेगळं करणारा डबा) नको, दुकानातून मोडेम आणायचा आणि लावायचा, अशी कल्पना. मानक १९९९ मध्ये मंजूर झालं. पण स्प्लिटर काढल्यावर घरातल्या टेलिफोनचा आणि मोडेमचा एकमेकांना त्रास होऊ लागला, प्रत्येक फोनला छोटे फिल्टर लावावे लागले आणि सोपेपणाच गेला. तोवर पूर्ण वेगाच्या एडीएसएलच्या चिप स्वस्त झाल्या. जी.लाइट फारसं कुठे बसलंच नाही.

याच काळात डीएसएलच्या (एडीएसएल याच कुळातलं) चिप बनवणाऱ्या ग्लोबस्पॅन आणि विराटा या दोन कंपन्या १९९९ मध्ये शेअर बाजारात आल्या, आणि या उद्योगाचे शेअर आभाळाला भिडले. त्यांचा माल शेवटी ज्यांच्यामार्फत घराघरांत जायचा, त्या नव्या डीएसएल सेवा कंपन्यांनी कर्ज काढून जाळी पसरली होती. नॉर्थपॉइंट, ऱ्हिदम्स आणि कोव्हॅड, तिघींनीही २००१ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच वर्षी ग्लोबस्पॅन आणि विराटा एक झाल्या, २००४ मध्ये कोनेक्संट या चिप कंपनीत गेल्या, आणि २०१३ मध्ये कोनेक्संटनेही दिवाळखोरीचा अर्ज केला. एडीएसएल मात्र जगभर कोट्यवधी घरांत पोचलं. ठाण्यातही पोचलं: एमटीएनएलचं ‘ट्रायबँड’ जानेवारी २००५ मध्ये आलं, सुरुवातीला २५६ केबीपीएसने. जी.लाइटच्या मंजुरीनंतर सहा वर्षांनी. चिपची बातमी खरी होती, तंत्र टिकलं, पण मधल्या वर्षांत ज्यांनी चढ्या भावाला शेअर घेतले त्यांचे पैसे परत आले नाहीत. ग्रुपवरच्या गृहस्थांना ही साखळी जरूर सांगा.

अलीकडचं उदाहरण याहून बोलकं आहे. मॅक्सलिनिअर ही घरगुती ब्रॉडबँडच्या चिप बनवणारी अमेरिकी कंपनी. इंटेलचा होम गेटवे विभाग तिने २०२० मध्ये १५ कोटी डॉलरना घेतला. तेव्हा चिपचा तुटवडा होता, सगळे घरून काम करत होते. २०२२ मध्ये तिची विक्री ११२ कोटी डॉलर होती. २०२३ मध्ये ६९ कोटी. २०२४ मध्ये ३६ कोटी. दोन वर्षांत विक्री एक तृतीयांशावर आली आणि या काळात लोकांनी इंटरनेट वापरणं कमी केलं नव्हतं. तुटवड्याच्या भीतीने राऊटर कंपन्यांनी आणि सेवा कंपन्यांनी गोदामं भरून ठेवली होती. ती रिकामी होईपर्यंत नवी मागणी थांबली. मागणी आहे आणि तरी ऑर्डर नाही, असं या धंद्यात वारंवार होतं.

म्हणून शेअर घेण्याआधी तिमाही निकालात दोन आकडे स्वतः काढायला शिका. पहिला, साठ्याचे दिवस. समजा कंपनीकडे तिमाहीअखेर १२० कोटींचा साठा आहे आणि त्या तिमाहीत विकलेल्या मालाचा खर्च (विक्रीची रक्कम नव्हे) ८० कोटी. १२० भागिले ८०, गुणिले ९०, म्हणजे १३५ दिवस पुरेल एवढा माल. हा एक आकडा एकटा फार सांगत नाही. मागच्या सहा-सात तिमाह्यांचा काढा. ९० वरून ११०, मग १३५ असा चढत असेल आणि विक्री तेवढीच असेल, तर माल गोदामात बसतोय. दुसरा, ग्राहकांचा वाटा. अमेरिकी कंपन्या १० टक्क्यांहून मोठ्या ग्राहकांचा उल्लेख वार्षिक अहवालात करतात. दोन ग्राहकांवर निम्मी विक्री असेल तर त्यातल्या एकाने खरेदी पुढे ढकलली तरी शेअर कोसळतो. आणि निकालाच्या दिवशी ‘डिझाइन विन’ हा शब्द ऐकून हुरळू नका. त्याचा अर्थ इतकाच, की कुणीतरी आपल्या डब्याच्या आराखड्यात ही चिप धरली. मग बोर्ड, सॉफ्टवेअर, प्रमाणपत्रं, सेवा कंपनीच्या प्रयोगशाळेतली चाचणी, थोड्या घरांतली चाचणी, खरेदीचा करार, आणि त्यानंतर पैसे. यात दीड-दोन वर्षं सहज जातात आणि काही कामं वाटेतच सुटतात.

कुठली कंपनी, याबद्दल एवढंच: नावाजलेली नावं घेतलीत तर तुम्ही ब्रॉडबँडची चिप विकत घेतच नाही. ब्रॉडकॉमची २०२४ च्या आर्थिक वर्षातली विक्री ५१.६ अब्ज डॉलर, त्यात एआयशी संबंधित १२.२ अब्ज, शिवाय तिने घेतलेल्या व्हीएमवेअर कंपनीचं सॉफ्टवेअर. तुमच्या राऊटरमधल्या चिपचं काही झालं तरी तो शेअर एआयच्या बातम्यांवर हलेल. क्वालकॉम आणि मीडियाटेक या प्रामुख्याने मोबाइलच्या कंपन्या. शेअर वाईट आहेत असं नव्हे, पण तुम्ही ज्या कारणासाठी घेताय ते कारण त्यात चिमूटभर आहे. निव्वळ ब्रॉडबँडवर जगणाऱ्या कंपन्या छोट्या आणि मॅक्सलिनिअरसारख्या वर-खाली होणाऱ्या.

इथल्या नोंदणीकृत कंपन्यांपैकी बऱ्याच जणी डबे जोडतात किंवा यंत्रणा पुरवतात. आतली चिप बाहेरून येते. तेजस नेटवर्क्सचं उदाहरण घ्या. चिप बनवणारी सांख्य लॅब्ज तिने ताब्यात घेतलेली आहे, मागे टाटा समूह आहे. बीएसएनएलच्या ४जी कामामुळे तिची विक्री २०२४-२५ मध्ये ८,९२३ कोटींवर गेली, आदल्या वर्षी ती २,४७१ कोटी होती. काम ओसरल्यावर एप्रिल-जून २०२५ च्या तिमाहीत विक्री २०२ कोटी आणि तोटा १९४ कोटी. एका मोठ्या ग्राहकावर चालणारा धंदा असा दिसतो. फुगलेल्या वर्षाचा नफा बघून ‘शेअर स्वस्त आहे’ म्हणणाऱ्याला हीच तिमाही दाखवा.

एवढं करूनही अमेरिकी शेअर घ्यायचे असतील तर पैसे आरबीआयच्या एलआरएस या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेतून जातात. मर्यादा वर्षाला अडीच लाख डॉलर, आणि दहा लाख रुपयांपर्यंत टीसीएस (पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर) नाही, त्यामुळे तुम्हाला ती चिंता नाही. शुल्काची मात्र आहे. बँक दर वेळी ठरावीक रक्कम आणि डॉलरच्या भावात काही पैसे कापते. वीस हजार पाठवताना पाचशे गेले तर सुरुवातच अडीच टक्के तोट्याने. म्हणून दरमहा पाच-पाच हजार पाठवू नका, वर्षातून दोनदाच पाठवा. खातं उघडताना डब्ल्यू-८ बीईएन फॉर्म (आपण अमेरिकेचे करदाते नाही, हे सांगणारा) भरा; लाभांशावर अमेरिका मग ३० ऐवजी २५ टक्के कापते आणि त्याचं श्रेय इथल्या रिटर्नमध्ये मागता येतं. दोन वर्षांपेक्षा जास्त ठेवलेल्या शेअरच्या नफ्यावर १२.५ टक्के कर, त्याआधी विकल्यास तुमच्या स्लॅबप्रमाणे. आणि एकच शेअर असला तरी आयटीआर-१ चालत नाही. आयटीआर-२ मध्ये ‘शेड्यूल एफए’ हा परदेशी मालमत्तेचा तक्ता भरावा लागतो. त्यात हिशेब एप्रिल-मार्चचा नसतो, जानेवारी-डिसेंबरचा असतो. इथेच बहुतेकांची चूक होते आणि काळ्या पैशाच्या कायद्यात दंड दहा लाखांचा आहे; स्थावर सोडून परदेशी मालमत्ता वीस लाखांपर्यंत असेल तर मात्र ऑक्टोबर २०२४ पासून तो लागत नाही.

हा सगळा व्याप नको असेल तर नॅसडॅक १०० या अमेरिकी निर्देशांकाचा इथला ईटीएफ (शेअरसारखा बाजारात विकला जाणारा फंड) डीमॅटमध्ये घेता येतो. घेण्याआधी एक्स्चेंजवरचा भाव आणि फंडाचा आयएनएव्ही (युनिटची त्या क्षणाची खरी किंमत) शेजारी ठेवून बघा. परदेशी गुंतवणुकीवर म्युच्युअल फंड उद्योगाला एकूण मर्यादा असल्यामुळे नवे युनिट सहज निघत नाहीत आणि भाव खऱ्या किमतीच्या बराच वर जातो. दहा टक्के वरच्या भावाने घेतलेला ईटीएफ पुढे आयएनएव्हीला आला, की बाजार न पडताही तुमचे दहा टक्के गेलेले असतात.

आता चौथं नाव, बाजारात न आलेली कंपनी. इथे आमचं मत अगदी ठाम आहे: हात लावू नका. अनलिस्टेड शेअरचा भाव विकणाराच सांगतो, विकायचा झाला तर घेणारा शोधावा लागतो, आणि आयपीओ आलाच तर त्याआधी घेतलेल्या शेअरवर साधारण सहा महिने विक्रीबंदी असते. ग्रुपवरचे गृहस्थ सल्ल्याचे पैसे किंवा कमिशन घेत असतील तर त्यांचा सेबी नोंदणी क्रमांक मागा आणि सेबीच्या संकेतस्थळावर तो स्वतः शोधा. त्यांनी पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. पैसे एखाद्या व्यक्तीच्या बचत खात्यात किंवा अनोळखी अ‍ॅपवर भरायला सांगितले, तर बोलणं तिथेच थांबवा. आधीच भरले असतील तर आज, आत्ता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पसरतात.

राहिली एफडी. बँकेत ऑटो-रिन्यूअलची सूचना दिलेली असेल तर मुदत संपायच्या आधी ती बदला, नाहीतर पैसे पुन्हा त्याच मुदतीसाठी अडकतील आणि मोडताना दंड बसेल. ठेवींवरचा विमा एका बँकेत एका माणसाला पाच लाखांपर्यंतच आहे, तोही व्याज धरून; सहा लाख एकाच बँकेत, त्यातही सहकारी बँकेत असतील, तर तीन-तीन लाख दोन बँकांत ठेवा. एक रक्कम एक वर्षाची आणि दुसरी तीन वर्षांची केलीत तर मध्ये गरज पडली तरी दोन्ही मोडाव्या लागणार नाहीत. पन्नास हजार शेअरसाठी बाजूला काढायचेच असतील तर ते बचत खात्यात राहू द्या आणि ज्या कंपनीचा विचार करताय तिचे आणखी दोन तिमाही निकाल येऊ द्या. तेवढ्या वेळात साठ्याच्या दिवसांची तुमची स्वतःची नोंद तयार होईल. कॅट-६ ची तार मात्र याच रविवारी टाकून घ्या.